यूकेतला पर्सनल ट्यूटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सप्टेंबरला मला यूकेत शिकायला येणाऱ्या मुलामुलींचे मेसेज येतात आणि त्यातले अर्धेअधिक प्रश्न तेच असतात, मग जानेवारीत निकाल लागले की तेच प्रश्न जरा घाबरलेल्या सुरात परत येतात. मी इथे मास्टर्सला आले तेव्हा मलाही हेच पडले होते, आणि आता गेली काही वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, म्हणजे मी स्वतःच एका युनिव्हर्सिटीत पर्सनल ट्यूटर आहे. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. बारीकसारीक नियम प्रत्येक युनिव्हर्सिटीत वेगळे असतात, तेव्हा आपल्या कोर्सचं हँडबुक जवळ ठेवूनच वाचा.

१. पर्सनल ट्यूटर म्हणजे ट्यूशन घेणारा का? त्याचे वेगळे पैसे पडतात का?

नाही आणि नाही. 'ट्यूटर' ऐकलं की आपल्या डोक्यात क्लास येतो, म्हणजे वेगळी फी, वेगळी बॅच, जास्तीचा सराव. यूकेत पर्सनल ट्यूटर (काही ठिकाणी पर्सनल अकॅडमिक ट्यूटर म्हणतात) म्हणजे तुमच्याच डिपार्टमेंटमधला एक प्राध्यापक, ज्याच्याकडे पहिल्या दिवसापासून तुमचं नाव दिलेलं असतं. तुमच्या पूर्ण शिक्षणावर त्याने लक्ष ठेवायचं असतं, एका विषयावर नाही. फीमध्ये ते आलंच. तो तुम्हाला स्टॅटिस्टिक्स शिकवणार नाही, पण स्टॅटिस्टिक्समध्ये गाडी का अडलीय हे तुमच्याबरोबर बसून बघेल.

२. मग तो नक्की करतो काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर तो तुम्हाला अख्खं बघतो. युनिव्हर्सिटीत प्रत्येकाला तुमचा एकेक तुकडाच दिसत असतो, म्हणजे मॉड्यूल लीडरला (एक विषय चालवणाऱ्या प्राध्यापकाला) त्या विषयाचे मार्क, फी ऑफिसला फी, लायब्ररीला पुस्तकं. हे सगळे तुकडे एकत्र ठेवून 'हिचं बरं चाललंय ना' हा प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे पर्सनल ट्यूटर. कोणते ऐच्छिक विषय घ्यावेत, फीडबॅकचा अर्थ काय, पुढे नोकरी की पीएचडी, अडचण आली तर कोणत्या ऑफिसचं दार ठोठावायचं, हे सगळं त्याच्याकडे.

काय करत नाही तेही सांगते, कारण गैरसमज तिथेच होतात. तो मार्क बदलत नाही (प्रश्न ७), डेडलाइन स्वतःच्या अधिकारात वाढवत नाही (प्रश्न ८), काउन्सेलिंग करत नाही (प्रश्न ९) आणि व्हिसाचा सल्ला देत नाही (प्रश्न १२).

३. आमच्या युनिव्हर्सिटीत 'पर्सनल ट्यूटर' असं काही दिसतच नाहीये. मला दिलाच नाही का?

बहुतेक वेळा नाव वेगळं असतं एवढंच. ग्लासगो आणि सेंट अँड्र्यूजमध्ये 'ॲडव्हायझर ऑफ स्टडीज' म्हणतात. केंब्रिजमध्ये हे काम दोघांत वाटलेलं असतं, अभ्यासाचं 'डिरेक्टर ऑफ स्टडीज' बघतो आणि बाकीची काळजी कॉलेजचा ट्यूटर घेतो, वर शिकवायला सुपरव्हायझर वेगळेच. ऑक्सफर्डमध्ये ट्यूटर एकदोन विद्यार्थ्यांना समोर बसवून खरोखर शिकवतो, म्हणजे प्रश्न १ चं माझं उत्तर तिथे पूर्ण लागू नाही. एडिनबर्गने तर अलीकडे जुनी पर्सनल ट्यूटर पद्धत बंद करून पूर्ण वेळ हेच काम करणारे स्टुडंट ॲडव्हायझर नेमलेत.

नाव स्टुडंट पोर्टलवर असतं, किंवा वेलकम वीकमध्ये ईमेल येतो. तीन आठवडे होऊनही काहीच कळलं नाही तर डिपार्टमेंटच्या ऑफिसला सरळ विचारा, यादीतून नाव सुटणं हे होतं कधीकधी आणि त्यांना ते कळलेलंही नसतं.

४. पहिल्या मीटिंगला काय बोलायचं? मला तर काहीच प्रॉब्लेम नाहीये.

मग तर उत्तमच, प्रॉब्लेम नसताना ओळख करून घेणं सगळ्यात सोपं. मी माझ्या पहिल्या मीटिंगला सात मिनिटं बसले होते. ट्यूटरने विचारलं कसं चाललंय, मी म्हटलं सगळं छान, अजून काही, नाही काही नाही, थँक्यू म्हणून बाहेर. खरं तर त्या आठवड्यात मला लेक्चरमधलं निम्मं कळत नव्हतं, कारण बोलण्याचा वेग आणि उच्चार कानाला बसले नव्हते, आणि लेक्चरचं रेकॉर्डिंग पोर्टलवर असतं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. हे एक वाक्य बोलले असते तर दीड महिना वाचला असता.

तेव्हा तीन गोष्टी तरी सांगा. आधी काय शिकून आलात आणि कोणत्या पद्धतीने (पाठांतरावर पेपर दिलेत की प्रोजेक्ट केलेत), इथे नवं काय वाटतंय, आणि कोर्स संपल्यावर साधारण काय करायचंय. शेवटचं आत्ता नक्की नसलं तरी चालतं. ट्यूटर नोंद करून ठेवतो आणि पुढे रेफरन्स (शिफारसपत्र) लिहायला हीच नोंद उपयोगी येते (प्रश्न १४).

मास्टर्सवाल्यांनी तर अजिबात लांबवू नका. बॅचलर्सला ३६० क्रेडिट असतात आणि इंग्लंडमध्ये त्याला ३ वर्षं मिळतात, मास्टर्सचे १८० क्रेडिट एका वर्षात. एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे १८०० तास. ख्रिसमसपर्यंत तर पहिलं सेमिस्टर संपत आलेलं असतं.

५. 'ऑफिस अवर्स' म्हणजे ऑफिस उघडं असण्याची वेळ का? तेव्हा डिस्टर्ब केलेलं चालतं?

उलट आहे. ऑफिस अवर्स म्हणजे आठवड्यातले ते एकदोन तास जे त्या प्राध्यापकाने फक्त विद्यार्थ्यांसाठी मोकळे ठेवलेत. तुम्ही गेलात तर डिस्टर्ब होत नाही, त्यासाठीच तो बसलेला असतो. मी स्वतः असे कितीतरी तास रिकामी बसलेय आणि मग त्याच आठवड्यात रात्री साडेअकराला एखाद्याचा घाबराघुबरा ईमेल आलाय. काही जण आधी स्लॉट बुक करायला सांगतात, तेवढं बघून जा.

६. ईमेलमध्ये सर लिहू, मॅडम लिहू की नुसतं नाव? नुसतं नाव उद्धट वाटतं हो.

मला माझ्या ट्यूटरला नावाने हाक मारायला दोन महिने लागले, त्यामुळे कळतंय. पहिल्या ईमेलमध्ये 'डिअर डॉक्टर' किंवा 'डिअर प्रोफेसर' आणि पुढे आडनाव लिहा, उत्तराखाली ते ज्या नावाने सही करतील ते नाव पुढच्या वेळेपासून वापरा. बहुतेक जण पहिल्या नावाने सही करतात आणि तसंच बोलावलेलं त्यांना आवडतं.

मजकूर लहान ठेवा. स्टुडंट नंबर, कोर्स, अडचण दोन ओळींत, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. 'भेटायचं होतं' एवढंच लिहिलं तर समोरच्याला घाईचं आहे की नाही ते कळत नाही. युनिव्हर्सिटीच्याच आयडीवरून पाठवा, बाहेरच्या आयडीवरून आलेला ईमेल स्पॅममध्ये जातो आणि तो तुमचाच आहे याची त्यांना खात्रीही नसते.

७. मला ५२ पडले, आयुष्यात एवढे कमी कधी पडले नव्हते. ट्यूटरला सांगून वाढतील का?

नाही वाढणार. पण आधी श्वास घ्या, ५२ म्हणजे नापास नव्हे. मास्टर्सला पास ५० ला, बॅचलर्सला ४० ला, ६० च्या वर चांगलं आणि ७० च्या वर थेट सर्वोच्च श्रेणी. ८५-९० ची सवय असलेल्याला हा तक्ता बघून धक्का बसतोच, पण इथे ६५ हे खरोखर चांगले मार्क आहेत.

'मला जास्त मिळायला हवे होते' या कारणावर अपील करता येत नाही, कारण परीक्षकाच्या शैक्षणिक निर्णयाला आव्हान देता येत नाही. अपील होतं ते प्रक्रियेत चूक झाली असेल तर, उदाहरणार्थ बेरीज चुकली किंवा मंजूर झालेली सवलत लावलीच नाही.

ट्यूटरचा खरा उपयोग इथे वेगळा आहे. मागे एक मुलगी अशीच ५० च्या आसपास अडकलेली होती, प्रत्येक विषयाचा अभ्यास वाढवून दमली होती. आम्ही तिचे तीन मॉड्यूलचे फीडबॅकचे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तीन वेगवेगळे परीक्षक, तीन वेगळे विषय, आणि तिन्ही कागदांवर एकच शब्द होता, 'डिस्क्रिप्टिव्ह'. म्हणजे ती पुस्तकात काय आहे ते उत्तम सांगत होती पण तिला स्वतःला काय वाटतं आणि का, हे कुठेच लिहीत नव्हती. अभ्यास कमी नव्हताच. आपल्याला लहानपणापासून पुस्तकातलं नीट मांडायला शिकवलेलं असतं, स्वतःचं मत खोडून टाकायलाच शिकवलेलं असतं म्हणा ना. तीन परीक्षकांपैकी कुणालाच हे दिसणं शक्य नव्हतं कारण प्रत्येकाकडे एकच कागद होता. तेव्हा मार्क कमी पडले तर असे कागद घेऊन जा आणि 'या सगळ्यात सारखं काय दिसतंय' असं विचारा.

८. सबमिशनच्या आठवड्यात आजारी पडले / घरी कुणीतरी गेलं. ट्यूटर एक्स्टेन्शन देऊ शकतो का?

स्वतः सहसा नाही. त्यासाठी अर्ज करायचा असतो, त्याला कुठे 'एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टन्सेस' म्हणतात कुठे 'मिटिगेटिंग' (म्हणजे तुमच्या हाताबाहेरची अडचण), आणि निर्णय वेगळी टीम किंवा पॅनेल घेतं. ट्यूटर अर्ज वाचून देतो, कोणता पुरावा लागेल ते सांगतो, कधी पाठिंब्याची टीपही जोडतो. थोड्या दिवसांच्या मुदतवाढीसाठी बऱ्याच ठिकाणी पुराव्याशिवाय नुसतं स्वतःचं निवेदन चालतं, पण ते वर्षात किती वेळा करता येईल यावर मर्यादा असते.

आपल्या मुलांच्या बाबतीत वारंवार अडतं ते दोन ठिकाणी. एक, घरून आलेला मराठीतला दाखला तसाच जोडतात, त्याला इंग्रजी भाषांतर लागतं. दोन, आल्या आल्या जीपीकडे (म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवलेलं नसतं, मग आजारपणात डॉक्टरची चिठ्ठी कुठून आणणार? हेल्थ सरचार्ज (एनएचएस, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचं शुल्क) व्हिसाबरोबर भरलेला असतो, नोंदणी फुकट आहे, ती पहिल्याच आठवड्यात करा.

आणि एक अडचणीचा नियम. काही युनिव्हर्सिटीत तुम्ही परीक्षेला बसलात म्हणजे 'मी परीक्षा देण्याइतकी बरी आहे' असं जाहीर केलं असं धरतात आणि मग नंतरचा अर्ज घेत नाहीत. १०२ ताप असताना हट्टाने पेपर दिला आणि मग काहीच करता आलं नाही, असं प्रत्यक्ष बघितलंय. अशा सकाळी हॉलकडे निघण्याआधी हँडबुक बघा किंवा ऑफिसला फोन करा.

९. मन लागत नाहीये, झोप नाही, खोलीतून बाहेर पडावंसं वाटत नाही. हे ट्यूटरला सांगायचं असतं का? तो म्हणेल अभ्यासाचं बोला.

सांगायचं असतं. तो काउन्सेलर नाही पण तो तुम्हाला वेलबीइंग सर्व्हिसपर्यंत पोचवतो, कधी तुमच्या समोरच बसून त्यांना ईमेल करतो, आणि मुख्य म्हणजे अभ्यासाचं ओझं तात्पुरतं कसं हलकं करता येईल ते बघतो. मोठं भाषण लागत नाही. 'गेले तीन आठवडे मला झोप नाही आणि मी लेक्चरला जात नाहीये' एवढं वाक्य पुरतं. ते बोलताना रडू आलं तरी काही बिघडत नाही, त्या खोलीत टिश्यूचा डबा असतोच.

पण ट्यूटरच्या उत्तराची वाट बघण्याइतका वेळ नसेल, म्हणजे स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर ईमेल करत बसू नका. जिवाला धोका असेल तर ९९९ हा इमर्जन्सी नंबर. नाहीतर एनएचएसचा १११ लावून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडा. नुसतं कुणाशी तरी बोलायचं असेल तर समॅरिटन्स ही हेल्पलाइन, ११६ १२३, फुकट आणि चोवीस तास.

१०. ट्यूटरला सांगितलेलं घरी कळेल का?

नाही. तुम्ही १८ पूर्ण आहात, तुमची माहिती तुमची आहे, आणि डेटा प्रोटेक्शनच्या कायद्यामुळे युनिव्हर्सिटी तुमच्या परवानगीशिवाय आईवडिलांना मार्कसुद्धा सांगत नाही. पूर्वी असं नव्हतं. १९७० च्या आधी इथे सज्ञान व्हायचं वय २१ होतं, त्यामुळे कॉलेज विद्यार्थ्यांचे पालक असल्यासारखंच वागायचं. १ जानेवारी १९७० पासून ते १८ झालं आणि ते नातंच बदललं.

अपवाद एकच, तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला गंभीर धोका वाटला तर ट्यूटर गप्प बसू शकत नाही. ज्यांना कळवणं गरजेचं आहे त्यांनाच तो कळवतो आणि शक्यतो तुम्हाला सांगून.

११. मी आई आहे. मुलगी फोन उचलत नाहीये, तिच्या ट्यूटरशी बोलायला मिळेल का?

ताई, तुमची धाकधूक समजते. तुम्हाला माहिती मिळणार नाही, पण तुम्ही माहिती देऊ शकता, हा फरक लक्षात ठेवा. युनिव्हर्सिटीच्या मुख्य नंबरवर किंवा सिक्युरिटीला फोन करून सांगा की इतके दिवस संपर्क नाही, हे तिच्या स्वभावात बसत नाही. ते तिच्याकडे जाऊन चौकशी करतील आणि तिला घरी फोन करायला सांगतील. ती ठीक आहे की नाही याचं सविस्तर उत्तर प्रश्न १० मधल्या कारणामुळे ते देणार नाहीत, त्याचा राग येऊ देऊ नका. आणि मुलांनो, इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये घरचा चालू नंबर घाला, त्याची परवानगीही तिथेच देऊन ठेवता येते.

१२. पार्ट टाइम किती तास करू, फ्रीलान्सिंग चालेल का, हे ट्यूटरला विचारलं तर?

विचारू नका, आणि त्याने प्रेमाने काही सांगितलं तरी त्यावर विसंबू नका. इमिग्रेशनचा सल्ला देणं हे यूकेत १९९९ च्या कायद्याखाली नियंत्रित काम आहे, युनिव्हर्सिटीतली इंटरनॅशनल स्टुडंट टीमच ते करू शकते. उदाहरण देते. इथल्या मुलांना ट्यूटर सर्रास सांगतो की सुट्टीत थोडं फ्रीलान्सिंग कर, सीव्हीला बरं दिसतं. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा किंवा फ्रीलान्सिंग चालतच नाही, सुट्टीतसुद्धा नाही. डिग्रीच्या विद्यार्थ्यांना टर्ममध्ये नोकरीचे जास्तीत जास्त २० तास आठवड्याला. ट्यूटरच्या मनात काही वाईट नसतं, त्याला फक्त हा नियम माहीत नसतो.

कोर्स बदलणं किंवा काही महिने शिक्षण थांबवणं याबद्दल ट्यूटरशी जरूर बोला, पण फॉर्मवर सही करायच्या आधी व्हिसा टीमकडे जा. युनिव्हर्सिटी तुमची स्पॉन्सर असते आणि असे बदल तिला होम ऑफिसला (व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याला) कळवावेच लागतात.

१३. मला डिस्लेक्सिया / एडीएचडी / एन्झायटी आहे, सांगितलं तर ॲडमिशनवर किंवा मार्कांवर परिणाम होईल ही भीती वाटते.

होत नाही. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये इक्वॉलिटी ॲक्ट २०१० प्रमाणे युनिव्हर्सिटीने 'रीझनेबल ॲडजस्टमेंट' करणं बंधनकारक आहे, म्हणजे परीक्षेत जास्त वेळ, वेगळी खोली, तोंडी ऐवजी लेखी वगैरे. परदेशी विद्यार्थ्यांनाही हे लागू. सरकारी डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्स (अशा विद्यार्थ्यांसाठीची आर्थिक मदत) मात्र आपल्याला सहसा मिळत नाही, ते वेगळं.

ट्यूटरला सांगा आणि डिसॅबिलिटी सर्व्हिसकडे नोंदही करा, दोन्ही. नुसतं ट्यूटरच्या कानावर घालून थांबलात तर परीक्षा विभागापर्यंत ते पोचेलच असं नाही. हा विषय किती गंभीर आहे ते ब्रिस्टल युनिव्हर्सिटीच्या केसवरून कळतं. सोशल एन्झायटीमुळे जिला तोंडी मूल्यमापन जमत नव्हतं तिला वेळेत पर्याय दिला नाही म्हणून २०२२ मध्ये काउंटी कोर्टाने युनिव्हर्सिटीला दोषी धरलं आणि २०२४ मध्ये हाय कोर्टाने ते कायम ठेवलं. ती मुलगी २०१८ मध्येच गेली होती. केस घरच्यांनी लढवली.

१४. रेफरन्स कधी मागू?

डेडलाइनच्या किमान दोनतीन आठवडे आधी, आणि न विचारता कुठेही नाव टाकू नका. बरोबर सीव्ही, जाहिरात किंवा कोर्सची लिंक आणि तुमचे मार्क पाठवा. ज्याला तुम्ही एकदाच सात मिनिटं भेटलात (प्रश्न ४) तो 'ही या कोर्सला होती' यापलीकडे काय लिहिणार? पीएचडीसाठी मात्र डेझर्टेशनच्या (प्रबंधाच्या) सुपरव्हायझरचा रेफरन्स जास्त वजनदार असतो, ट्यूटरचा दुसरा घ्या.

१५. माझ्यावर कॉपीचा आरोप आलाय. ट्यूटर माझ्या बाजूने बोलेल का?

तो वकील नाही, पण प्रक्रिया समजावून सांगेल. तुमच्या बाजूने उभं राहायला स्टुडंट्स युनियनचं ॲडव्हाइस सेंटर आहे, ते युनिव्हर्सिटीपासून स्वतंत्र असतं आणि मीटिंगला बरोबरही येतं. ईमेल आला त्याच दिवशी त्यांना गाठा. कच्चे ड्राफ्ट, नोट्स, फाइलची व्हर्जन हिस्टरी, काही डिलीट करू नका. पैसे देऊन असाइनमेंट लिहून घेतली असेल तर लपवाछपवी करू नका, अशी सेवा विकणं इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि या लोकांनी नंतर विद्यार्थ्यालाच ब्लॅकमेल केल्याचे प्रकार घडतात.

१६. ट्यूटर रिप्लायच देत नाही, किंवा आमचं अजिबात जमत नाही. बदलून मिळतो का?

मिळतो, बऱ्याच ठिकाणी कारणही फार विचारत नाहीत. आधी चारपाच वर्किंग डे थांबा, सुट्टीवर असल्याचा ऑटो रिप्लाय आलाय का बघा, एक आठवण करा. तरी काही नाही तर 'सीनियर ट्यूटर' नावाचं पद असतं त्यांना किंवा डिपार्टमेंट ऑफिसला लिहा. ट्यूटर बदलला म्हणून कुणी डूख धरत नाही, ही आपली भीती आहे, त्यांच्यासाठी ते यादीतलं एक नाव हलवणं असतं.

वागणूकच चुकीची असेल, अपमान किंवा भेदभाव, तर तो बदलाचा नाही तक्रारीचा विषय आहे. आधी युनिव्हर्सिटीची अंतर्गत प्रक्रिया पूर्ण करायची. त्यानंतरही समाधान झालं नाही तर इंग्लंड आणि वेल्समध्ये ओआयए (ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट ॲडज्युडिकेटर) ही स्वतंत्र संस्था फुकट तक्रार बघते, युनिव्हर्सिटीचं 'कम्प्लीशन ऑफ प्रोसीजर्स' (अंतर्गत प्रक्रिया संपल्याचं) पत्र मिळाल्यापासून १२ महिन्यांच्या आत जावं लागतं. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये त्यांचे वेगळे ऑम्बड्समन (तक्रारी बघणारे स्वतंत्र अधिकारी) आहेत.

१७. मी वर्षभर ट्यूटरला एकदाही भेटले नाही, तीन ईमेलना उत्तर दिलं नाही, आता दोन विषयांत नापास. कुठल्या तोंडाने जाऊ?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि नेहमी रात्रीच येतो. आहे त्याच तोंडाने जा. तुमच्या ट्यूटरने असे विद्यार्थी दरवर्षी बघितलेत, तीन न वाचलेल्या ईमेलचा त्याला राग नसतो, खरं सांगायचं तर काळजी असते, कारण हजेरीपटावर तुमचं नाव लाल झालेलं त्याने बघितलेलं असतं आणि पुढे काय करावं ते त्याला कळत नसतं.

माफीचा लांबलचक मजकूर नको. 'मला उत्तर द्यायला जमलं नाही, माफ करा, दोन विषय राहिलेत, या आठवड्यात भेटता येईल का' एवढंच. नापास विषयाची फेरपरीक्षा बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात असते आणि तिचे मार्क पासच्या आकड्यावरच थांबवतात, पण डिग्री वाचते. वर्षभरात खरंच काही घडलं असेल, आजारपण, घरचं संकट, तर उशिरा का होईना अर्ज करता येतो का (प्रश्न ८) ते ट्यूटरलाच विचारा, उशिराच्या अर्जाला 'तेव्हा का केला नाही' याचं कारण द्यावं लागतं आणि ते मांडायला तो मदत करतो. जाताना मार्कांचं पान फोनवर उघडून ठेवा, पोर्टलचा पासवर्ड आठवतोय ना ते आदल्या रात्री बघा, आणि फेरपरीक्षेच्या नोंदणीची शेवटची तारीख कागदावर लिहून न्या.